वर्धेचे दोन तीर आणि बदकांचा कायदा

संस्कृत काव्यातील चक्रवाक हा बदकांच्याच कुळातला आणि हिवाळ्यात उत्तरेकडून आपल्या नद्यांवर येणारा पाहुणा होय. वर्धेवर उतरणाऱ्या बदकांस कोणता कायदा लागू, हे एके काळी ती कोणत्या तीरावर बसतात यावर अवलंबून असे. पूर्वतीरीचा चांदा जिल्हा इंग्रजांच्या मध्य प्रांतात, तर पश्चिमतीरीचा राजुरा तालुका निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात होता. १९१२ चा वन्य पक्षी व प्राणी संरक्षण कायदा निजामाच्या राज्यास लागू नव्हता. त्याच्या परिशिष्टात बदकांचे नाव होते आणि शिकारीचा बंदीकाळ ठरविण्याचा अधिकार प्रांतिक सरकारास होता. परंतु विणीच्या बंदीकाळाचा लाभ मुख्यतः अडई व हळदीकुंकू या येथेच अंडी घालणाऱ्या बदकांना. पाहुण्यांची वीण दूर उत्तरेत होते.

पुढे राज्यघटनेने हा विषय राज्यांकडे सोपविला. १९५६ मध्ये राजुरा मुंबई राज्यात आला, आदिलाबाद आंध्र प्रदेशात गेला आणि सरहद्द उरलीच. अखेर घटनेच्या २५२ व्या कलमान्वये आंध्र प्रदेशासह अकरा राज्यांनी ठराव केले व संसदेने १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा केला. तरीही ‘लहान शिकारी’चा परवाना घेऊन बदके मारता येत होती. ते परवाने १९९१ च्या दुरुस्तीने संपले.

येथवरच्या कायद्यांत एका पक्षकाराचे म्हणणे कोणी विचारले नव्हते. तो म्हणजे अरण्यात राहणारा गोंड. राखीव जंगलांच्या बंधनांनी त्याची शेती हिरावली. त्या झगड्यात कुमराम भीमू १९४० साली जोडेघाटास मारला गेला. ज्याला न विचारता राखण केली जाते, त्याला ती राखण जुलमासारखीच वाटते.

या दृष्टीने २००६ चा वनहक्क कायदा महत्त्वाचा आहे. त्याने पारंपरिक हक्क मान्य केले. शिकारीचा हक्क मात्र स्पष्टपणे वगळला. त्याच वेळी पाचव्या कलमाने वन्यजीव व पाण्याचे स्रोत राखण्याचा अधिकार ग्रामसभेस दिला. बंदूक शासनाला अडविता येईल. परंतु तळ्यातले पाणी आणि काठचे गवत बारा महिने सांभाळणे हे काठावर राहणाऱ्यांचेच काम आहे. त्यांना राखणदाराचा मान मिळाला, तरच दोन्ही तीरांवर बदके निर्धास्तपणे उतरतील.