ख्रिस्ती श्रद्धेची पारख

ख्रिस्ती श्रद्धेची पारख : नेमाने उपासनेला येणारा, प्रार्थना म्हणणारा, दानधर्म करणारा माणूस अंतःकरणाने ख्रिस्ती आहे की केवळ रिवाजाने, हे ओळखण्याच्या कसोट्यांचा विचार. प्रश्न नव्या कराराइतका जुना आहे : येशूने परूश्यांच्या दिखाऊ धार्मिकतेवर कोरडे ओढले आणि याकोबाच्या पत्रात क्रियांवाचून असलेला विश्वास निर्जीव ठरवला गेला. प्रॉटेस्टंट परंपरेत या प्रश्नाची सर्वांत कसून केलेली चिकित्सा अमेरिकन धर्मवेत्ता जोनाथन एडवर्ड्‌स (१७०३–५८) याच्या ‘रिलिजस अफेक्शन्स’ (१७४६) या ग्रंथात सापडते.

न्यू इंग्लंडमधील प्युरिटन मंडळ्यांत पूर्ण सभासद होण्यासाठी आपल्या मनःपरिवर्तनाची साक्ष सर्वांसमोर द्यावी लागे. पहिल्या पिढीला ते जमले. तिच्या मुलाबाळांपैकी पुष्कळांना सांगण्यासारखे काही नव्हते. १६६२ च्या धर्मसभेने तोड काढली : अशा लोकांच्या मुलांना बाप्तिस्मा मिळावा, पण प्रभुभोजन त्यांच्यासाठी नाही. मॅसॅच्युसेट्‌समधील नॉर्थॅम्प्टनचा पाळक सॉलोमन स्टॉडर्ड आणखी पुढे गेला. ज्याचे वागणे उघड निंद्य नाही अशा कोणालाही त्याने प्रभुभोजन मोकळे केले; त्या विधीनेच मन पालटेल, असे त्याचे म्हणणे होते. एडवर्ड्‌स हा त्याचा नातू. १७२९ मध्ये आजोबांच्या मृत्यूनंतर ती मंडळी त्याच्याकडे आली.

१७३४–३५ मध्ये नॉर्थॅम्प्टनमध्ये आणि १७४० नंतर सर्व वसाहतींत धर्मजागृतीची लाट उसळली. उपदेश चालू असताना लोक रडत, किंचाळत, मूर्च्छा येऊन पडत. काहींचा तोलही सुटला. जेम्स डॅव्हनपोर्ट या फिरत्या उपदेशकाने मार्च १७४३ मध्ये कनेटिकटमधील न्यू लंडन येथे मान्यवर प्युरिटन लेखकांची पुस्तके जाळवली. दुसऱ्या दिवशी उंची कपड्यांचा ढीग रचला गेला, त्यात त्याने स्वतःची विजारही टाकली आणि ती कोणीतरी ओढून बाहेर काढली. पुढल्या वर्षी त्याने जाहीर माफी मागितली. बॉस्टनचा पाळक चार्ल्स चॉन्सी याच्या लेखी ही जागृती म्हणजे बहुतांशी भावनेचा उन्माद होता; जागृतीच्या भक्तांना प्रत्येक हुंदक्यात पवित्र आत्मा दिसत होता. एडवर्ड्‌सला दोन्ही बाजू उथळ वाटल्या. भावनेशिवाय धर्म नाही, हे त्याला मान्य होते. प्रत्येक भावना धर्माची असते, हे मान्य नव्हते.

ग्रंथाचा खरा कस दुसऱ्या भागात लागतो. काहीच सिद्ध न करणारी बारा लक्षणे एडवर्ड्‌स तेथे एकेक करून बाजूला काढतो. भावना अतितीव्र असणे, अंगाला कंप सुटणे, धर्मावर अस्खलित बोलता येणे, बायबलची वचने आपोआप आठवणे, भय सरून आनंद येणे, उपासनेत तासन्‌तास घालवणे, तारणाची पक्की खात्री वाटणे, आपली साक्ष ऐकून जाणत्या भाविकांचे समाधान होणे : यांतले काहीही खऱ्या माणसात असू शकते, खोट्यातही. म्हणजे साक्ष ऐकून सभासद करून घेण्याच्या प्युरिटन पद्धतीचा पायाच येथे ढिला होतो. ढोंगीही त्याच्या मते दोन प्रकारचे. एक आपल्या सदाचारावर विसंबतो, दुसरा आपल्याला आलेल्या अनुभवावर. आणि दुसऱ्याची समजूत घालणे जास्त कठीण, कारण त्याची खात्री देवाकडूनच आली आहे असे तो धरून चालतो. या विश्लेषणात एडवर्ड्‌सने सतराव्या शतकातील पाळक टॉमस शेपर्डचा आधार वारंवार घेतला आहे.

तिसऱ्या भागात खरी बारा लक्षणे येतात. देवावरचे प्रेम त्याच्याकडून होणाऱ्या लाभासाठी नसून त्याच्या पावित्र्याच्या सौंदर्यासाठी असणे, हे त्यांतले सर्वांत सूक्ष्म. सर्वांत व्यवहारी लक्षण समतोलाचे : चारचौघांत भक्ती आणि एकांतात कोरडेपणा, परक्यांशी गोड आणि घरच्यांशी कठोर, अशा माणसाबद्दल शंका घ्यावी. शेवटचे लक्षण आचरणाचे. त्याला एडवर्ड्‌सने सर्वाधिक पाने दिली आहेत आणि दीर्घकाळ, अडचणीतही टिकलेले वर्तन हाच मुख्य पुरावा मानला आहे, इतरांसाठी आणि स्वतःच्या विवेकासाठीही.

पुस्तकातला विचार मंडळीत आणताना मात्र त्याचे बिनसले. प्रभुभोजनासाठी श्रद्धेची प्रामाणिक कबुली हवी, असे म्हणत त्याने आजोबांचा शिरस्ता मोडायला घेतला. १७५० मध्ये मंडळीच्या मतदानात दोनशेहून अधिक सभासद त्याला काढण्याच्या बाजूने आणि अवघे २३ विरोधात उभे राहिले. लोकांना आपल्या श्रद्धेची तपासणी दुसऱ्याने करावी हे रुचले नाही, आणि यात त्यांचे सगळेच चुकले असे म्हणवत नाही. ज्याने कोणतीही बाह्य खूण निर्णायक नाही असे लिहिले, तोच आता दाराशी उभा राहून खूण मागत होता. त्याच्या स्वतःच्या आचरणाचाही प्रश्न उरतोच : १७३१ मध्ये त्याने न्यूपोर्टला व्हीनस नावाची एक कृष्णवर्णीय मुलगी गुलाम म्हणून विकत घेतली होती. त्याचा शिष्य सॅम्युअल हॉपकिन्स याने पुढे गुलामगिरीविरुद्ध लेखणी उचलली.

एडवर्ड्‌स व हॉपकिन्स यांच्या विचारांचा ठसा १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेवर होता. तिचे गॉर्डन हॉल व सॅम्युअल नॉट १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि त्यातून अमेरिकन मराठी मिशन उभे राहिले. महाराष्ट्रात हाच प्रश्न सर्वांत उत्कटपणे जगल्या त्या पंडिता रमाबाई, मात्र त्यांची वाट एडवर्ड्‌सवरून गेली नाही. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण तेव्हा आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, अशा आशयाची कबुली त्यांनी १९०७ च्या आत्मनिवेदनात दिली आहे. त्यांना हे उमगायला विल्यम हॅस्लम या इंग्रज पाळकाच्या आत्मचरित्राची मदत झाली. हॅस्लमचे मन पालटले ते १८५१ मध्ये, कॉर्नवॉलमधील आपल्याच चर्चमध्ये, स्वतःचाच उपदेश चालू असताना.