पवनारची पांढरी

भगिनींनो, शेतीला काळी आणि वस्तीला पांढरी म्हणण्याची आपली रीत फार जुनी आहे. जेथे माणसे पिढ्यानपिढ्या नांदली तेथे पडक्या भिंतींची माती, चुलीची राख आणि फुटकी खापरे यांचे थरावर थर बसतात व टेकाड तयार होते. त्याची माती करडी-पांढरी दिसते, म्हणून ती पांढरी.

अशी एक पांढरी आपल्या उशाशीच, धाम नदीच्या काठी पवनारला आहे. विनोबाजी १९३८ साली पवनारला राहावयास गेले. पुढे आश्रमाच्या जमिनीत खणताना जुन्या मूर्ती वर आल्या. भरत-रामाची भेट म्हणून पुजली जाणारी शिळा त्यांपैकीच. १९५९ पासून तेथे ब्रह्मविद्या मंदिराच्या भगिनींनी हा ठेवा जपला आहे. पवनार हेच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याचे प्रवरपूर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. हा राजा पाचव्या शतकातला. मुले लहान असता त्याची आई प्रभावतीगुप्ता हिने स्वतः राज्य चालविले, हे आपण विसरू नये.

१९६७ साली नागपूर विद्यापीठातर्फे डॉ. शां. भा. देव व डॉ. म. के. ढवळीकर यांनी येथे उत्खनन केले. वाकाटकांच्याही खाली, तळच्या थरात काळ्या-तांबड्या भांड्यांची खापरे निघाली. तशीच भांडी विदर्भातील लोहयुगीन शिळावर्तुळांत मृतांशेजारी ठेवलेली आढळतात. अशी वर्तुळे आपल्या जिल्ह्यात खैरवाड्यालाही आहेत. म्हणजे राजाच्या कितीतरी शतके आधी कोण्या गृहिणीने येथे चूल मांडली होती. तिचे नाव कोठेही कोरलेले नाही. तिची साक्ष देते ते खापरच.

पण खापर बोलते ते आपल्या जागी असेपर्यंतच. ते कोणत्या थरात, कशाशेजारी होते यावरून काळ ठरतो. उचलून आणले की तो धागा तुटला. माझ्या माहेरी दिवाळीपूर्वी भिंती पोतारण्यासाठी जुन्या टेकाडाची माती टोपल्या भरभरून आणीत. शेतात खत म्हणूनही ती गाडीगाडीने जाई. प्राचीन स्मारकांविषयीचा १९५८ चा कायदा संरक्षित स्थळी परवानगीवाचून खणू देत नाही. परंतु प्रत्येक टेकाडावर सरकारी फलक नसतो.

म्हणून मंडळाच्या भगिनींना माझी विनंती आहे. पांढरीची माती आणू नये, आणवू नये. शेतात मूर्ती, मणी वा नाणे वर आले तर जागा ध्यानात ठेवून तेथे पुढे खणणे थांबवावे व तलाठ्यामार्फत पुरातत्त्व खात्यास कळवावे. घरातील मुलांनाही हे सांगावे. टेकाडावर खेळताना पहिले खापर बहुधा त्यांच्याच हाती लागते.