नाकाच्या शस्त्रक्रियेनंतरचा काळ

नाकाचा वाकडा पडदा सरळ करणे किंवा नाकाचा आकार सुधारणे, या शस्त्रक्रियांनंतर जखम भरून सूज पूर्ण उतरेपर्यंतचा काळ. रोजचे व्यवहार एक-दोन आठवड्यांत सुरू होतात. आकाराच्या शस्त्रक्रियेत मात्र नाकाच्या शेंड्याची सूज जायला वर्षही लागते. तोवर आरशात पाहून निकाल लावू नये.

नाकाच्या शस्त्रक्रियेच्या इतिहासात पुण्याला मोठा मान आहे. कावसजी हा इंग्रजी फौजेकडचा मराठा गाडीवान टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. तिथे त्याचे नाक आणि एक हात कापला गेला. १७९३ मध्ये पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या जातीतल्या एका कारागिराने कपाळाची कातडी वळवून त्याला नवे नाक बसवले. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ने ऑक्टोबर १७९४ मध्ये ही हकिकत चित्रासह छापली. तीत शुश्रूषेचीही रीत आहे: सांध्यावर चार दिवस काताच्या लेपाच्या पट्ट्या, मग तुपात भिजवलेले कापड, पाच-सहा दिवस उताणे झोपणे, दहाव्या दिवशी नाकपुड्या उघड्या राहाव्यात म्हणून मऊ चिंध्या, आणि सुमारे २५व्या दिवशी कपाळाशी जोडलेला कातडीचा पट्टा कापणे. पुढे १८१४ मध्ये लंडनच्या जोसेफ कार्प्यू यांनी हीच पद्धत वापरली. त्या कारागिराचे नाव मात्र कोणी नोंदवले नाही, ही हळहळ वाटण्याजोगी गोष्ट आहे.

आज शस्त्रक्रियेनंतर नाकात पॅकिंग (आत दाबून बसवलेली पट्टी) घातले असेल तर ते बहुधा एक-दोन दिवसांत काढतात. तोवर तोंडाने श्वास घ्यावा लागतो, ओठ-घसा कोरडे पडतात, झोप नीट लागत नाही. याचाच त्रास दुखण्यापेक्षा जास्त होतो. हाडाला हात लावला असेल तर डोळ्यांखाली काळेनिळे होते. ते दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त दिसते आणि दोन आठवड्यांत ओसरते. नाकावरचा स्प्लिंट (बाहेरून दिलेला आधार) सुमारे आठवड्याने निघतो. उशी उंच घ्यावी, नाक शिंकरू नये, शिंक आलीच तर तोंड उघडे ठेवून द्यावी. मिठाच्या पाण्याने नाक धुणे डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करावे. खपल्यांमुळे नाक चोंदते आणि वास कमी येतो. बहुतेकांचा वास पुढे परत येतो.

पुण्यात शस्त्रक्रिया करून स्वारगेटहून एसटीने सातारा, कोल्हापूर किंवा कोकणाकडे परतणाऱ्यांनी घरी जाण्याचा दिवस डॉक्टरांना विचारून ठरवावा. प्रवासात धुळीपासून जपावे आणि जड बॅग दुसऱ्याला उचलू द्यावी. नाकावर दाबणारा चष्मा आणि घट्ट हेल्मेट काही आठवडे टाळावे लागते. म्हणून तेवढे दिवस दुचाकीच बंद ठेवलेली बरी.

थोडे रक्ताळलेले पाणी येणे अपेक्षित असते. रक्त थांबेनासे झाले, ताप चढला, दुखणे व चोंदणे एकदम वाढले, नाकातून स्वच्छ पाणी ठिबकू लागले किंवा नजरेत फरक पडला, तर पुढच्या तपासणीची तारीख येईपर्यंत थांबू नका. त्याच दिवशी रुग्णालय गाठा.