धार-देवासचे वाणिज्यशिक्षण : दफ्तर, पेढी आणि महाविद्यालय

माळव्यातील धार आणि देवास ही पवार घराण्याची मराठी संस्थाने. देवासच्या तर थोरली आणि धाकटी अशा दोन पात्या होत्या. एकाच गावात दोन दरबार आणि दोन खजिने नांदत. साहजिकच हिशेब जाणणाऱ्या माणसांची गरज येथे नेहमीच राहिली. मात्र ते ज्ञान प्रारंभी महाविद्यालयात नव्हे, तर दफ्तरात आणि पेढीवर मिळत असे.

दरबारी दफ्तरात मोडी लिपी चाले. नवखा कारकून वडीलधाऱ्यांच्या हाताखाली रोजकीर्द, खतावणी आणि ताळेबंद शिके. सावकारांच्या पेढ्यांवर मुनीम हुंडी व व्याजाचे गणित शिकवीत. माळव्याच्या अफूचा व्यापार याच पेढ्यांच्या बळावर चालला. त्यातील बराच माल पोर्तुगीज दमणच्या बंदरातून चीनकडे जाई. मुंबईस्थित गोमंतकीय व्यापारी रोझेरियो द फारिया यांचे नाव या व्यापाराशी निगडित आहे. १८४३ मध्ये सिंध इंग्रजांच्या ताब्यात गेल्यानंतर दमणचा मार्ग ओसरला.

हिशेबाची घडी विस्कटली म्हणजे काय होते, याचा दाखलाही देवासनेच दिला. थोरल्या पातीचे तुकोजीराव तिसरे यांच्या पदरी इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये खासगी चिटणीस होते. कारभारातील गोंधळाचे चित्र त्यांच्या ‘द हिल ऑफ देवी’ (१९५३) या पुस्तकात आढळते. पुढे संस्थान कर्जबाजारी झाले, महाराजांनी फ्रेंच अमलाखालील पाँडिचेरी गाठली आणि १९३७ मध्ये तेथेच त्यांचे निधन झाले.

या काळात उच्च शिक्षणासाठी माळव्यातील मुलांची वाट इंदूरकडे जाई. तेथील होळकर महाविद्यालय १८९१ चे. वाणिज्य विषयाचे स्वतंत्र सिडनहॅम महाविद्यालय मुंबईत १९१३ मध्ये निघाले होते. परंतु माळव्यातील सामान्य कुटुंबाला मुंबईचा खर्च झेपणारा नव्हता.

१९४८ मध्ये दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि १९५६ मध्ये मध्य प्रदेशाची निर्मिती झाली. आज धारमध्ये महाराजा भोज शासकीय पदव्युत्तर महाविद्यालय आणि देवासमध्ये कृष्णाजीराव पवार शासकीय पदव्युत्तर महाविद्यालय या दोन संस्थांत कला व विज्ञानाबरोबर वाणिज्यही शिकविले जाते. कृष्णाजीराव हे थोरल्या पातीचे वारस. त्यांचे वडील विक्रमसिंहराव १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेले. एका महाविद्यालयाने परमार राजाचे नाव घेतले, दुसऱ्याने मराठी राजाचे.

या दोन जुळ्या गावांचे शैक्षणिक मार्ग मात्र वेगळे झाले. देवास १९५७ मध्ये स्थापन झालेल्या उज्जैनच्या विक्रम विद्यापीठाकडे गेले. धार इंदूरच्या विद्यापीठाकडे. १९६४ चे हे विद्यापीठ पुढे देवी अहिल्या विद्यापीठ झाले. अभ्यासक्रम, परीक्षा आणि निकाल दुसऱ्या शहरातून ठरण्याचा हा अनुभव गोव्यालाही नवा नाही. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ स्थापन होईपर्यंत येथील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न होती.

उद्योग मात्र या गावांच्या दाराशी आले. देवासमध्ये १९७४ च्या सुमारास बँक नोट प्रेस सुरू झाली. कर्जापायी राजा परागंदा झालेल्या गावात देशाच्या नोटा छापल्या जाऊ लागल्या. धार जिल्ह्यातील पिथमपूर हे वाहन उद्योगाचे मोठे केंद्र बनले. तरीही व्यवस्थापनाच्या शिक्षणाची ओढ इंदूरकडेच राहिली. १९९६ मध्ये तेथे भारतीय व्यवस्थापन संस्था आल्यावर ती अधिकच वाढली. देवासपासून इंदूर जेमतेम पस्तीस किलोमीटर.

घर सोडून शिकायला जाणे ज्यांना परवडत नाही, अशा मुलामुलींसाठी मात्र गावातले शासकीय महाविद्यालय हाच आधार असतो. लहान शहरातील वाणिज्य महाविद्यालयाचे मोल ठरवताना त्याच्या नावलौकिकाइतकाच हा आधारही जमेच्या बाजूला धरावा लागतो.