पालघरचा १४ ऑगस्ट : पाच हुतात्मे आणि जगाचे मौन

१/
१४ ऑगस्ट १९४२, शुक्रवार. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील पालघर येथे तालुका कचेरीवर मोर्चा निघाला. आजूबाजूच्या गावांतून माणसे जमली होती. पोलिसांनी गोळीबार केला आणि काशिनाथ पागधरे, गोविंद ठोसर, रामचंद्र चुरी, रामप्रसाद तिवारी व सुकुर मोरे हे पाच जण हुतात्मा झाले. बेटेगाव, बोईसर, तारापूर, सातपाटी या परिसरातील लोकांना ही नावे हुतात्मा स्तंभामुळे परिचित आहेत. त्या दिवसाचा जागतिक संदर्भ मात्र क्वचितच सांगितला जातो. हा धागा त्यासाठी.

२/
याच तारखेला, बरोबर एक वर्ष आधी, म्हणजे १४ ऑगस्ट १९४१ रोजी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट आणि ब्रिटनचे पंतप्रधान चर्चिल यांनी अटलांटिक सनद जाहीर केली होती. आपण कोणत्या राज्यव्यवस्थेखाली राहायचे हे ठरवण्याचा सर्व लोकांचा हक्क आम्ही मानतो, असे तिच्या तिसऱ्या कलमात नमूद होते. पालघरमध्ये गोळ्या झाडल्या गेल्या तो दिवस या सनदेचा पहिला वाढदिवस होता. रूझवेल्ट यांनी त्या निमित्ताने संदेशही प्रसिद्ध केला.

३/
हे कलम हिंदुस्थानला लागू होते काय? चर्चिल यांनी ९ सप्टेंबर १९४१ रोजीच पार्लमेंटमध्ये याचे उत्तर देऊन टाकले होते : सनद करताना डोळ्यांसमोर नाझींच्या टाचेखालील युरोपीय राष्ट्रे होती, साम्राज्यातील प्रजेचा प्रश्न वेगळा. वर्षभरानंतर वर्धापनदिनाच्या संदेशाची तयारी सुरू असतानाही त्यांनी रूझवेल्ट यांना कळवले, की आशिया आणि आफ्रिकेला सनद लावण्याआधी फार विचार करावा लागेल. ही तार ९ ऑगस्ट १९४२ ची. त्याच पहाटे मुंबईत धरपकड झाली होती.

४/
८ ऑगस्टच्या रात्री गवालिया टँक मैदानावर 'छोडो भारत' ठराव संमत झाला. पहाट होण्यापूर्वी गांधीजी अटकेत होते. त्यांची रवानगी पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये झाली, तर काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांची अहमदनगरच्या किल्ल्यात. काँग्रेसच्या समित्या बेकायदा ठरल्या आणि वृत्तपत्रांवर निर्बंध आले. या अटकांना संमती देणाऱ्या लंडनमधील मंत्रिमंडळाच्या बैठकीचे अध्यक्ष होते मजूर पक्षाचे क्लेमंट ॲटली. चर्चिल तेव्हा परदेश दौऱ्यावर होते. पाच वर्षांनी सत्तांतर घडवणारे पंतप्रधान ते हेच ॲटली.

५/
नेते तुरुंगात गेल्यावर आंदोलन गावोगावच्या लोकांच्या हाती आले. तालुका कचेऱ्या, पोलीस ठाणी आणि टपाल कार्यालये ही लोकांच्या दृष्टीने सरकारची प्रत्यक्ष रूपे होती. म्हणून मोर्चे तेथे वळले. काही ठिकाणी तारा तुटल्या, रूळ उखडले गेले, आष्टी-चिमूरसारख्या ठिकाणी सरकारी माणसेही मारली गेली. सरकारने मात्र सर्वत्र एकच भाषा वापरली : गोळीबार, फटके, सामुदायिक दंड. बिहारमध्ये तर विमानांतून मशीनगन चालवण्यापर्यंत मजल गेली. सरकारच्याच आकड्यांनुसार १९४३ च्या अखेरीपर्यंत ९१ हजारांहून अधिक अटका झाल्या आणि गोळीबारांत हजाराहून अधिक माणसे मेली.

६/
जगातून पहिला आवाज उठला तो चीनमधून. जनरलिसिमो च्यांग कै-शेक फेब्रुवारी १९४२ मध्ये हिंदुस्थानात येऊन गेले होते आणि कलकत्त्यात त्यांनी गांधीजींची भेट घेतली होती. संघर्ष अटळ दिसू लागताच, जुलैच्या अखेरीस, त्यांनी रूझवेल्ट यांना मध्यस्थीची विनंती केली. रूझवेल्ट यांनी तो संदेश चर्चिल यांच्याकडे पाठवला. चर्चिल यांनी उत्तर दिले, की काँग्रेस हिंदुस्थानची प्रतिनिधी नाही आणि च्यांग यांना यात पडू देऊ नये.

७/
धरपकडीनंतर च्यांग यांनी पुन्हा प्रयत्न केला. रूझवेल्ट यांचे उत्तर सौम्य शब्दांतील नकारच होते : दोन्ही पक्षांनी बोलावले तर मित्र म्हणून मदत करू, तोवर दूर राहणे बरे. चर्चिल यांनी पुढे च्यांग यांना थेट बजावले, की मित्रराष्ट्रांनी एकमेकांच्या अंतर्गत कारभारात हात घालू नये. चीनमधील राष्ट्रवादी आणि कम्युनिस्ट यांच्या वादात ब्रिटन तरी कुठे पडते? दडपशाहीला 'अंतर्गत प्रश्न' म्हणून कुंपण घालण्याची युक्ती आजची नाही, हे यावरून दिसते.

८/
अमेरिकेचे सैन्य तेव्हा हिंदुस्थानच्या भूमीवर होते. लोकांवर गोळ्या झाडण्यात हे सैनिकही सामील होणार काय, अशी शंका साहजिकच होती. १२ ऑगस्ट १९४२ रोजी अमेरिकी सरकारने जाहीर केले, की आपले सैन्य केवळ युद्धासाठी आले आहे आणि हिंदुस्थानच्या अंतर्गत राजकारणात ते किंचितही भाग घेणार नाही. या निवेदनाला दोन बाजू होत्या. अमेरिकी बंदुका मोर्चांवर रोखल्या जाणार नाहीत, ही एक. ब्रिटिश बंदुकांविषयी अमेरिका काही बोलणार नाही, ही दुसरी.

९/
अमेरिका गप्प का राहिली? मे १९४२ पर्यंत जपानने ब्रह्मदेश जिंकला होता आणि युद्ध आसामच्या सीमेवर आले होते. चीनला रसद पोहोचवायची तर हिंदुस्थानचाच तळ उरला होता. शिवाय रूझवेल्ट यांचा हात आधी एकदा पोळला होता. एप्रिलमध्ये क्रिप्स यांची बोलणी फिसकटली, तेव्हा त्यांनी चर्चिल यांना आणखी एक प्रयत्न करण्याचा आग्रह केला होता. त्यावर चर्चिल यांनी रूझवेल्ट यांचे विश्वासू हॅरी हॉपकिन्स यांच्यापाशी पंतप्रधानपद सोडण्याची भाषा केली. हिटलर अजिंक्य वाटत असताना ही युती मोडण्याचा धोका रूझवेल्ट पत्करणार नव्हते.

१०/
सोव्हिएत रशियाचे काय? १४ ऑगस्ट १९४२ रोजी, पालघरच्या गोळीबाराच्याच दिवशी, चर्चिल मॉस्कोत स्टालिनचे पाहुणे होते. जर्मन फौजा व्होल्गाच्या दिशेने सरकत होत्या आणि स्टालिनला युरोपात दुसरी आघाडी हवी होती. वसाहतवादाविरुद्ध सर्वांत कडक भाषा वापरणारे हे राज्य त्या काळात हिंदुस्थानबाबत ब्रिटनला अडचणीत आणायला तयार नव्हते. भारतीय कम्युनिस्ट पक्षानेही युद्धाला 'लोकयुद्ध' ठरवून बेचाळीसच्या आंदोलनाला विरोध केला. त्याच्यावरील बंदी जुलैमध्येच उठली होती.

११/
मोठ्या आवाजात बोलले ते बर्लिन आणि टोकियो. बर्लिनहून आझाद हिंद रेडिओ सुरू होता आणि ऑगस्टमध्ये सुभाषचंद्र बोस यांनी त्यावरून आंदोलनाला पाठिंबा देणारी भाषणे केली. बोस यांची तळमळ निःसंशय खरी होती. त्यांच्या यजमानांची सहानुभूती मात्र तपासून घ्यावी लागते. नाझी राजवट त्याच महिन्यांत ज्यूंचा संहार करत होती आणि जपानी सैन्य चीनमध्ये काय करत होते ते जगाने पाहिले होते. या प्रचाराचा तोटा आंदोलकांनाच झाला : ते शत्रूचे हस्तक आहेत, असे सांगणे ब्रिटनला सोपे गेले.

१२/
सरकारे गप्प होती. नागरिक सारेच गप्प नव्हते. २८ सप्टेंबर १९४२ रोजी 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये अनेक नामवंत अमेरिकनांच्या सह्यांची पूर्ण पानाची जाहिरात आली. मध्यस्थीची वेळ हीच आहे, अशी तिची हाक होती. गायक पॉल रोबसन यांनी न्यूयॉर्कमध्ये हिंदुस्थानच्या स्वातंत्र्यासाठी भरलेल्या सभेत भाग घेतला. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांनी हा प्रश्न आपला मानला. लंडनमध्ये कृष्ण मेनन यांची इंडिया लीग सभा घेत राहिली.

१३/
ऑक्टोबरमध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने इंग्लंडच्या जनतेला अनावृत पत्र लिहून स्पष्ट केले, की अमेरिकन माणूस ब्रिटिश साम्राज्य टिकवण्यासाठी लढत नाही. २६ ऑक्टोबरला वेंडेल विल्की यांनी नभोवाणीवरून सांगितले, की आशियातील लोक अमेरिकेची पारख तिच्या हिंदुस्थानविषयीच्या भूमिकेवरून करत आहेत. विल्की हे १९४० मध्ये रूझवेल्ट यांच्याविरुद्ध निवडणूक लढवलेले नेते. नुकताच जगाचा दौरा करून ते परतले होते. १० नोव्हेंबरला चर्चिल यांनी उत्तर दिले : ब्रिटिश साम्राज्याचे विसर्जन करण्यासाठी आपण पंतप्रधान झालेलो नाही.

१४/
या सर्व चर्चेत पालघर कुठे होते? जवळजवळ कुठेच नाही. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ३१ ऑगस्टला चर्चिल यांना कळवले होते, की १८५७ नंतरचा हा सर्वांत गंभीर उठाव असून त्याचे गांभीर्य आणि व्याप्ती आपण लष्करी सुरक्षिततेच्या कारणास्तव जगापासून लपवून ठेवली आहे. दहाच दिवसांनी, १० सप्टेंबरला, चर्चिल पार्लमेंटला सांगत होते, की परिस्थिती आटोक्यात आहे आणि काँग्रेस म्हणजे हिंदुस्थान नव्हे. खाजगीत एक आणि जाहीरपणे दुसरे, असे हे चित्र होते.

१५/
सेन्सॉरची ही भिंत भेदण्याचे प्रयत्न येथूनच झाले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑगस्टमध्ये गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला. जागा बदलत चाललेले हे केंद्र नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी पकडले. चिमूरमधील स्त्रियांवर झालेल्या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भणसाळी यांनी साठ दिवसांहून अधिक काळ उपोषण केले. वृत्तपत्रांनी छापायचे काय, हा झगडाही या आंदोलनाचाच भाग होता.

१६/
१९४३ च्या जानेवारीत रूझवेल्ट यांचे वैयक्तिक प्रतिनिधी विल्यम फिलिप्स दिल्लीत आले. १० फेब्रुवारीला गांधीजींनी एकवीस दिवसांचे उपोषण आरंभले. विदर्भातील लोकनायक बापूजी अणे यांच्यासह व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळातील तीन सदस्यांनी राजीनामे दिले. फिलिप्स यांनी गांधीजींना भेटण्याची परवानगी मागितली. ती नाकारली गेली, आणि ही गोष्ट त्यांनी जाताना पत्रकारांना सांगून टाकली. मे १९४३ मध्ये रूझवेल्ट यांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी लिहिले, की हे युद्ध आपले आहे असे हिंदी लोकांना वाटत नाही आणि ब्रिटनने स्वातंत्र्याचे निश्चित वचन दिले पाहिजे. रूझवेल्ट यांनी त्यावर जाहीर पाऊल उचलले नाही. पुढे जुलै १९४४ मध्ये पत्रकार ड्र्यू पिअरसन यांनी हे पत्र फोडले आणि लंडनमध्ये संताप उसळला.

१७/
मग आंतरराष्ट्रीय प्रतिसादाचा उपयोग काय झाला? तत्काळ पाहिले तर काहीही नाही. एकही गोळीबार त्यामुळे थांबला नाही आणि काँग्रेसचे बहुतेक प्रमुख नेते १९४५ पर्यंत तुरुंगातच राहिले. दूरचा विचार केला तर दोन गोष्टी दिसतात. पहिली, स्वातंत्र्यासाठी लढतो म्हणणाऱ्या ब्रिटनला हिंदुस्थानबाबत अमेरिकेत सतत खुलासे द्यावे लागले, इतके की त्यासाठी मोठा प्रचार उभारावा लागला. दुसरी, युद्धानंतर ब्रिटन अमेरिकी कर्जावर अवलंबून झाला, तेव्हा बेचाळीससारखी दडपशाही पुन्हा करण्याची ताकद आणि सबब दोन्ही उरली नव्हती. तरीही सत्तांतराचे मुख्य श्रेय वॉशिंग्टनला देता येणार नाही. राज्य केवळ बंदुकीवर चालवावे लागेल, हे ब्रिटनला दाखवून दिले ते पालघर, आष्टी, चिमूर, साताऱ्यासारख्या ठिकाणच्या लोकांनी.

१८/
इतिहासाच्या विद्यार्थ्याने कोणत्याही दडपशाहीवरचा जगाचा प्रतिसाद वाचताना चार प्रश्न विचारावेत. बोलणाऱ्याला त्या वेळी नेमके किती ठाऊक होते? त्याला दडपशाही करणाऱ्याची गरज किती होती? तो जाहीरपणे बोलला की खाजगीत? आणि आपल्या स्वतःच्या अमलाखालील लोकांना तो कसा वागवत होता? हा शेवटचा प्रश्न गांधीजींनी १ जुलै १९४२ च्या पत्रात खुद्द रूझवेल्ट यांनाच विचारला होता : हिंदुस्थान आणि आफ्रिका पारतंत्र्यात असताना, आणि अमेरिकेत कृष्णवर्णीयांचा प्रश्न तसाच असताना, स्वातंत्र्याच्या घोषणा पोकळ वाटणार नाहीत काय?

१९/
अटलांटिक सनदेचा वाढदिवस आता कोणी साजरा करत नाही. पालघरमध्ये मात्र दरवर्षी १४ ऑगस्टला हुतात्मा स्तंभापाशी लोक जमतात आणि पाच नावे घेतली जातात. त्यांपैकी कोणी ती सनद वाचली होती की नाही, हे महत्त्वाचे नाही. तिच्या तिसऱ्या कलमात जो हक्क लिहिलेला होता, तोच मागण्यासाठी ते कचेरीकडे चालत गेले होते. पुढच्या वेळी त्या चौकातून जाताना क्षणभर थांबावे आणि ती नावे वाचावीत.

(धागा समाप्त)