जमिनीच्या पोटातला हिशेब

कारखाना बंद पडला म्हणजे त्याचा हिशेब कोठे संपतो? आम्ही युनियनवाले, आमचे शिक्षण झाले ते गेट-सभांत आणि वाचनालयाच्या बाकावर. आमच्या लेखी हिशेब म्हणजे थकलेला पगार, ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंड. तो चुकता झाला की फाईल बांधून ठेवावयाची. परंतु कारखान्याचा दुसरा एक हिशेब जमिनीच्या पोटात राहतो. तो कोणी वाचावयाचा आणि त्या वाचण्याचा खर्च कोणी सोसावयाचा, या प्रश्नाशी अमेरिकेने कशी झुंज घेतली, ते येथे सांगावयाचे आहे.

नायगारा धबधब्याजवळ लव्ह कॅनॉल नावाची वस्ती होती. अर्धवट खणून सोडलेल्या एका कालव्यात हूकर केमिकल कंपनीने १९४२ पासून सुमारे २१ हजार टन रासायनिक घाण पुरली, आणि १९५३ साली ती जागा शाळामंडळाला अवघ्या एका डॉलरला दिली. वर शाळा उभी राहिली, भोवती साध्या कुटुंबांची घरे झाली. पुढे तळघरांत उग्र वासाचा पाझर येऊ लागला. लोइस गिब्ज या गृहिणीने दारोदार फिरून वस्ती जागी केली, आणि १९७८ च्या ऑगस्टमध्ये अध्यक्ष कार्टर यांना तेथे आणीबाणी जाहीर करावी लागली. डिसेंबर १९८० मध्ये ‘सुपरफंड’ कायदा आला.

त्याचे तत्त्व सरळ होते : ज्याने घाण केली त्याने ती निस्तरावी. मात्र कायद्याने जमिनीच्या चालू मालकासही जबाबदार धरले, आणि येथे एक विपरीत गोष्ट घडली. जुनी जागा घेणारा भिऊ लागला. बँक कर्ज देईना. मालक माती तपासू देईना. कळले की गळ्यात पडले! क्लीव्हलँड, डेट्रॉइट अशा शहरांत कारखान्यांच्या जागा ओस पडल्या आणि नवा पैसा शहराबाहेरच्या कोऱ्या जमिनीकडे वळला. कामगार मागे राहिला, विषही मागे राहिले.

गाडे अडले होते ते पहिल्याच पावलाशी. सफाई तर दूरच, तपासणीचाच खर्च करण्यास कोणी तयार नव्हते. तेव्हा १९९३ साली तेथील पर्यावरण खात्याने क्लीव्हलँड ज्या परगण्यात आहे त्या कुयाहोगास पहिले प्रायोगिक अनुदान दिले. ११ जानेवारी २००२ रोजी या उपक्रमास स्वतंत्र कायद्याचे बळ मिळाले. तपासणीच्या अनुदानाची साधारण मर्यादा दोन लाख डॉलर होती, आणि ज्याने ती जागा नासवली त्याला ते मिळू नये अशी अट होती. २०२१ च्या कायद्याने या कामासाठी आणखी दीड अब्ज डॉलर ठेवले.

या तपासणीचे दोन टप्पे असतात. दुसऱ्या टप्प्यात जमिनीला भोके पाडून माती आणि भूजल प्रयोगशाळेत पाठवतात. पहिल्यात कुदळही लागत नाही. जुने दस्तऐवज, विमा कंपन्यांचे नकाशे पाहावयाचे, आवार पायी फिरावयाचे, आणि त्या जागी पूर्वी वावरलेल्या माणसांना विचारावयाचे. टाकी कोठे पुरली होती? सांडपाणी कोठे सोडीत होता? ज्याला व्यवस्थापनाने कधी काही विचारले नाही, त्या कामगाराची आठवण येथे पुरावा ठरू शकते!

हे वाचले आणि आम्हांला आमचे गिरणगाव आठवले. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक मिटल्या. १९९१ च्या नियमाने त्यांच्या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरवले : मोकळ्या जागा, सार्वजनिक घरे आणि मालक. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी मोकळ्या जमिनीपुरतीच उरली, आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. त्या काळात आम्ही कितीतरी सभा घेतल्या. जमीन किती आणि कोणाला, यावर घसा बसेपर्यंत बोललो. एका सभेनंतर रंगखात्यातले एक म्हातारे जवळ आले आणि म्हणाले, “मास्तर, घरं मागता ते बरं. पण आमच्या खात्यामागच्या खड्ड्यात आम्ही काय काय ओतलंय, ते कुणी विचारत नाही.” आम्ही हसून त्यांच्या पाठीवर हात ठेवला, आणि पुढच्या सभेला गेलो. ते आता नाहीत. तो खड्डा कोणत्या इमारतीखाली आहे, हे सांगणारेही कोणी नाही. ही चूक मालकाची नव्हे, सरकारची नव्हे, आमची.

जुलै २०२५ मध्ये केंद्र सरकारने दूषित स्थळांविषयी नियम केले. संशयित जागा जिल्हा प्रशासनाने कळवावयाच्या आणि राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने तपासावयाच्या, अशी त्यात योजना आहे. नियम झाला, आता त्यामागे पैसा उभा राहिला पाहिजे. आणि सार्वजनिक पैशाने मिळवलेले ज्ञान सार्वजनिकच राहिले पाहिजे, बिल्डरच्या कपाटात नव्हे.

युनियनचे काम त्याहून सोपे आहे. बंद कारखान्यांतले जे कामगार हयात आहेत, त्यांच्या घरी वही घेऊन जावयाचे आणि खड्डा कोठे होता ते लिहून घ्यावयाचे. आम्ही सुरुवात केली आहे. वीस वर्षे उशिरा.