पणजीला किती वेळा कावळा शिवला?

"आमच्या वेळी नव्हतं बाई हे पीसीओडी-बीसीओडी." कल्याण-डोंबिवलीतल्या कुठल्याही घरात सोनोग्राफीचा रिपोर्ट टेबलावर आला की आजीकडून हे वाक्य येतंच. नात वैतागते, आई मध्ये पडते आणि विषय जेवणावर जातो. मला मात्र या वाक्यात रस आहे, कारण ते अर्धं खरं आहे. इतिहासाच्या अभ्यासात अर्धी खरी वाक्यं फार उपयोगी पडतात.

तर आजचा प्रश्न साधा आहे. आपल्या पणजीला उभ्या आयुष्यात किती वेळा पाळी आली असेल? तिच्या भाषेत विचारायचं तर, तिला किती वेळा कावळा शिवला असेल? (ज्यांनी हा शब्दप्रयोग ऐकलेला नाही त्यांच्यासाठी: घरातली बाई चार दिवस बाजूला बसली की पोरं विचारायची, आई अशी कोपऱ्यात का? त्यावर मोठ्यांचं ठरलेलं उत्तर असायचं, तिला कावळा शिवलाय.)

हा आकडा कुठल्याही दप्तरात सापडत नाही. जन्म-मृत्यूच्या नोंदी आहेत, जनगणना आहे, पण पाळ्या कोणी मोजल्या नाहीत. तरी ढोबळ हिशेब करता येतो. समजा पणजीला पंधराव्या वर्षी न्हाण आलं आणि पंचेचाळिसाव्या वर्षी पाळी गेली. म्हणजे तीस वर्षं. २८ दिवसांना एक धरली तर वर्षाला तेरा, एकूण ३९०. आता यातून बाळंतपणं वजा करा. आठ मुलं झाली असतील तर प्रत्येकाचे नऊ महिने पोटात आणि पुढे सव्वा वर्ष अंगावर पाजण्यात. बाळ रात्रंदिवस अंगावर पीत असेल तर पाळी सहसा लांबते. एका मुलामागे दोन वर्षं, आठांमागे सोळा. उरली चौदा वर्षं, म्हणजे १८० च्या आसपास पाळ्या.

नातीचा हिशेब करा. साडेबाराव्या वर्षी सुरू, सत्तेचाळिसाव्या वर्षी बंद, मूल एक किंवा दोन, पाजणं सहा महिने (मग ऑफिस). आकडा ४०० च्या पुढे जातो. पणजीच्या दुपटीहून जास्त.

हे माझं कागदावरचं गणित झालं. प्रत्यक्ष मोजणी आफ्रिकेतल्या माली देशात झाली आहे. तिथल्या डोगॉन समाजात पाळी आलेल्या बायका गावातल्या वेगळ्या झोपडीत राहायच्या. बेव्हर्ली स्ट्रासमन या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी नेमका याचाच उपयोग केला. झोपडीत कोण कधी गेलं याची नोंद दोन वर्षांहून जास्त काळ ठेवली आणि ती लघवीतल्या हार्मोन्सच्या तपासणीशी पडताळून पाहिली. उत्तर आलं, आयुष्यभरात साधारण शंभर. म्हणजे बाजूला बसवण्याच्या प्रथेनेच पाळ्यांचा हिशेब दिला. आपल्याकडेही प्रथा तीच होती, फक्त वही घेऊन बसलेलं कोणी नव्हतं.

पण थांबा. 'पणजीला पाळीचा त्रास कमी होता' असा निष्कर्ष काढून मोकळं होण्याआधी कल्याणला जाऊन येऊ.

३१ मार्च १८६५ रोजी कल्याणमध्ये यमुना जोशी जन्मली. रेल्वे कल्याणला पोचून तेव्हा अकरा वर्षं झाली होती. नवव्या वर्षी तिचं लग्न पोस्टात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोश्यांशी झालं आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला. तो दहा दिवस जगला. पुढची गोष्ट शाळेच्या पुस्तकातून आपल्याला माहीत असते: अमेरिका, फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज, ११ मार्च १८८६ ला पदवी, आणि २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात मृत्यू, बावीस पूर्ण व्हायच्या आत. पुस्तकात सहसा सांगत नाहीत ते असं, की तिच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी जिचं बाळ दगावलं, तिने एकविसाव्या वर्षी बाळंतपणावर प्रबंध लिहिला. मला तरी हा योगायोग वाटत नाही.

सरासरीत असं काही दिसत नाही. आठ मुलं झालेली पणजी म्हणजे आठ बाळंतपणांतून जिवंत राहिलेली पणजी. जी पहिल्या किंवा तिसऱ्या बाळंतपणात गेली, ती कोणाची पणजी झालीच नाही, किंवा झाली तरी गोष्टी सांगायला उरली नाही. 'आमच्या वेळी नव्हतं' हे सांगायला जी उरते, तिची साक्ष आपण पूर्ण पिढीची साक्ष धरतो. पीएचडीत याला निवडीचा दोष वगैरे म्हणतात. घरात त्याला आजीचा अनुभव म्हणतात.

अजून एक बाई या हिशेबात बसत नाही. बालविधवा. तिला न्हाण आलं, पण मूल नाही, पाजणं नाही. तिचं गणित मांडलं तर ते चक्क आजच्या नोकरदार मुलीसारखं येतं: दर महिन्याला पाळी, खंड नाही, चारशेच्या घरात. तिच्या केशवपनाबद्दल, सोवळ्याबद्दल आपल्याकडे पुष्कळ लिहिलं गेलं. तिच्या पोटदुखीबद्दल जवळपास काहीच नाही. इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनीने १७१३ मध्ये लिहून ठेवलं होतं की मठातल्या जोगिणींना स्तनाचा कर्करोग जास्त होतो. आपल्या जोगिणी माजघरात होत्या, आणि तिथे कोणी वैद्य डोकावत नव्हता.

मग पणजीचा आकडा नातीच्या आकड्यापर्यंत पोचला कसा? एका झटक्यात नाही. रघुनाथ धोंडो कर्व्यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं, त्यांच्या मतांपायी त्यांना विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' चालवलं. शकुंतला परांजपे १९३८ पासून याच कामात होत्या. सरकारी कार्यक्रम १९५२ चा. मग साठच्या दशकात लूप आणि लाल त्रिकोण, १९७१ चा गर्भपाताचा कायदा, पुढे तांबी. आणीबाणीत तर महाराष्ट्राच्या विधिमंडळाने सक्तीच्या नसबंदीचं विधेयक मंजूर केलं होतं. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून वाचलो.

डोंबिवली घडली ती याच काळात. गिरगाव-दादरच्या चाळीतून लोक इथल्या ब्लॉकमध्ये आले. वन रूम किचन, नवरा-बायको दोघं नोकरीला, दोन मुलं. अशा घरात बाजूला बसायचं कुठे? आणि ती बसली तर डबा कोण भरणार? शिवायची बंदी गेली ती सुधारकांच्या लेखांमुळे, असं आपण मानतो. मला वाटतं त्यात लेखांइतकाच वाटा लोकलच्या वेळापत्रकाचा होता. जो नियम वर्षातून चार-पाच वेळा पाळायचा, आणि तोही सासू-जावा असलेल्या वाड्यात, तो वर्षातून तेरा वेळा, एकटीच्या संसारात पाळणं शक्यच नव्हतं. तरी तो पूर्ण गेला नाही. गौरी-गणपतीच्या आधी पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या मेडिकलमधून आजही जातातच. पूर्वी बाई देवापासून लांब बसायची, आता तारीखच लांब बसते.

आता आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात एका बाईमागे मुलांचं प्रमाण १९९२-९३ मध्ये २.९ होतं, २०१९-२१ मध्ये १.७. लहान कुटुंबाची किंमत मुलींनी मोजली हे इथे सांगायलाच हवं. दोनच मुलं हवीत आणि त्यातला एक मुलगा हवाच, यातून सोनोग्राफीचा जो वापर झाला, त्यावर १९८८ मध्ये देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने केला. तरी शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे मुली १९९१ मध्ये ९४६ होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या.

त्याच ताज्या पाहणीत आणखी दोन आकडे आहेत, जे एकत्र वाचायला हवेत. राज्यातल्या जवळपास निम्म्या विवाहित बायकांनी नसबंदीचं ऑपरेशन केलेलं आहे (पुरुषांचं प्रमाण एक टक्काही नाही), आणि ५४ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. ऑपरेशन बहुतेकदा पंचविशीच्या आसपास होतं. पुढे वीस वर्षं मूल नाही, पाजणं नाही, गर्भनिरोधक गोळीही नाही. म्हणजे वीस वर्षं अखंड पाळी, आणि ताटात लोह कमी. रक्तक्षयाला कारणं इतरही आहेत, पण पणजीचं रक्त बाळंतपणात जायचं आणि नातीचं दरमहा जातं, हा बदल औषधाच्या गोळ्या वाटताना कोणी हिशेबात धरत नाही.

यातून सुटायचा एक भयंकर मार्ग बीडच्या ऊसतोड बायकांच्या वाट्याला आला. तिथे नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि एक दिवस काम बुडलं की खाडा. गर्भाशयं काढण्याच्या बातम्या आल्यावर २०१९ मध्ये राज्य सरकारने समिती नेमली. पाहणी झालेल्या सुमारे ८२ हजार बायकांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. लोकलने जाणारी बाई गोळी घेते, फडातली बाई पिशवी काढते. दोघींनाही पाळीसाठी सुट्टी नाही.

आणि कर्करोग. मुंबईत साठच्या दशकात कर्करोगाची नोंदणी सुरू झाल्यावर डॉ. डी. जे. जस्सावाला यांना दिसलं की पारशी बायकांत स्तनाच्या कर्करोगाचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. उशिरा लग्न, कमी मुलं, ही त्या समाजाची रीत आधीपासूनची. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ मध्ये ग्रामीण नोंदणी सुरू झाली. तिथे लवकर लग्न, जास्त बाळंतपणं, आणि कितीतरी वर्षं वरचा क्रमांक गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचा. मुंबईत आज स्तनाचा पहिला आहे. आपण सगळे एका अर्थी पारशी झालो आहोत, आणि बार्शीही त्याच रस्त्याला लागली आहे.

आता आजीकडे परत येऊ. पीसीओडीचं वर्णन शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी १९३५ मध्ये केलं, सात बायकांच्या आधारे. सोनोग्राफी गल्लोगल्ली यायला पुढे पन्नास वर्षं गेली. वजन, बैठं काम, खाणं यांमुळे आज प्रमाण वाढलं असेल, त्यात आजीचं म्हणणं चूक नाही. पण जिची पाळी सहा-सहा महिने येत नाही, अशी बाई तेव्हाही असणारच. फक्त तिच्या हातात रिपोर्ट नव्हता. तिला वांझ म्हणायचे. नवस, उपास, अंगारे झाले की नवऱ्याचं दुसरं लग्न लावून द्यायचे. मुंबई प्रांतात हिंदूंना दुसरी बायको करायला बंदी आली ती १९४६ मध्ये. जुन्या घरांच्या वंशावळींत एकाच पुरुषासमोर दोन बायकांची नावं असतात, पहिलीच्या खाली रेघ नसते. मी हल्ली त्या रेघ नसलेल्या नावांची यादी करतेय.

सिझेरियन आणि माहेरचं बाळंतपण हा भाग पुढच्या पोस्टमध्ये.